फाटकाच्या गजाची तलवार

शनिवारी दुपारी एक वाजता पोस्टाची खिडकी बंद करून अट्रॅक्टा गॉगन सायकलवर बसली आणि लोहाराकडे तलवार आणायला निघाली. काम अगदी साधं होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, चर्चच्या हॉलमध्ये नाटकाची रंगीत तालीम होती आणि ज्या तलवारीवर सगळं नाटक उभं होतं तीच अजून आली नव्हती. आतापर्यंतच्या तालमी मास्तर लाव्हेलनी चुलीतला चिमटा हातात धरून निभावल्या होत्या.

नाटक मास्तरांनीच लिहिलं होतं. लू या जुन्या आयरिश वीराला समुद्राच्या देवाने, मनानानने, एक तलवार दिली. तिचं नाव 'जाब देणारी'. तिचं टोक गळ्याला लागलं की माणसाला हलता येत नाही आणि खोटं बोलता येत नाही. तिने केलेली जखम भरत नाही. किलव्हारा गावात ही गोष्ट माहीत नाही असं माणूस शोधून सापडलं नसतं. खरं बोलणारं माणूस मात्र शोधूनही सापडणं अवघड होतं.

अट्रॅक्टाला नाटकात भूमिका नव्हती. ती प्रॉम्प्टर होती. विंगेत स्टुलावर बसायचं, कंदिलाच्या उजेडात वही धरायची आणि कुणी अडखळलं की हळूच शब्द पुरवायचा. दिवसभर पोस्टात लोकांचे शब्द लोकांपर्यंत पोचवायचे, संध्याकाळी विंगेत तेच. अडतीस वर्षांची झाली होती. चौदा वर्षं गावातलं प्रत्येक पत्र तिच्या हातून गेलं होतं, आणि त्यातल्या प्रत्येक पाकिटावर तिने एकच अक्षर शोधलं होतं. तिच्या धाकट्या बहिणीचं, डिम्पनाचं.

डिम्पना एकोणीस वर्षांची असताना, मोठा बर्फ पडला त्या हिवाळ्यात, पोटुशी राहिली. लग्न झालेलं नव्हतं. आईने गावातली एकुलती एक भाड्याची गाडी बोलावली आणि तिला निराधारांसाठीच्या जिल्ह्याच्या गरीबखान्यात पाठवून दिलं. पुढचं सगळं त्या गाडीच्या मालकाच्या, मॅलकी टफीच्या, तोंडून कळलेलं. "बाळंतीण झाल्यावर मीच तिला बंदरावर सोडलं. लिव्हरपूलच्या बोटीवर चढताना मी या डोळ्यांनी पाहिलं तिला." चौदा वर्षं हेच वाक्य. त्यातला शब्द कधी इकडचा तिकडे झाला नाही. अट्रॅक्टाला त्याच गोष्टीची भीती वाटायची. खरं सांगणारा माणूस कधीतरी अडखळतो.

आई नोव्हेंबरात गेली. मरतानाही "इंग्लंडात सुखात असेल ती" असंच म्हणून गेली.

समुद्रावरून धुकं चढत होतं. भट्टीच्या दारात सायकल टेकवून अट्रॅक्टा म्हणाली, "देव कामाला यश देवो."

असं म्हटल्याशिवाय लोहाराच्या दारात कुणी पाऊल टाकत नाही.

"आणि तुलाही, पोरी," आतून कोलमन रुएनचा आवाज आला. सत्तरी ओलांडलेला, एका बाजूला कललेला म्हातारा. "दार लाव आधी. खारी हवा आत आली की लोखंड रुसतं."

"लोखंड रुसतं की तुमचे गुडघे?"

"गुडघे कधीच रुसलेत. ते आता बोलतसुद्धा नाहीत माझ्याशी."

तलवार ऐरणीवर पडली होती. मूठ बसलेली, पातं लांब आणि काळपट. नाटकापुरती असली तरी तिच्यात काहीतरी होतं, कारण अट्रॅक्टाने हात पुढे केला आणि आपोआप मागे घेतला.

"एक शेवटचा ताव राहिलाय," कोलमन म्हणाला. "लोखंड बघ कसलं आहे. गरीबखाना पाडला ना सप्टेंबरात? त्याच्या फाटकाचा गज. शंभर वर्षं पावसात उभा होता, पण आत गंजाचा ठिपका नाही."

अट्रॅक्टाने पुन्हा त्या काळपट पात्याकडे पाहिलं. त्या फाटकातून डिम्पना आत गेली होती.

"चल, भाता ओढ. नऊ वेळा. मनात प्रार्थना म्हण, दुसरं काही नको." म्हाताऱ्याने सांडशीने पातं निखाऱ्यांत सरकवलं. "लाल लोखंडापुढे प्रश्न घेऊन उभं राहायचं नाही. माहितेय ना?"

"माहितेय. लोखंड तो पिऊन टाकतं."

"आणि मग?"

"मग ते तहानलेलंच राहतं... उत्तर मिळेपर्यंत." लहानपणी आजोबांकडून ऐकलेलं तिने पाठ म्हणून दाखवलं.

तिने भाता ओढला. एक. दोन. तीन. प्रार्थनेचे शब्द ओठांवर होते. चौथ्या वेळी निखारे फुलले आणि त्या उजेडात तिला ते फाटक दिसलं, गज आणि गजांच्या पलीकडे राखाडी ओढणीतली एक पाठ. प्रार्थना कुठे गेली ते कळलं नाही. पाचव्या, सहाव्या, सातव्या, आठव्या, नवव्या वेळी तिच्या मनात एकच गोष्ट होती. डिम्पना कुठे आहे?

पिंपातलं पाणी गोठलेलं होतं. कोलमनने भरतीच्या पाण्याची बादली पुढे ओढली. "खाऱ्या पाण्याने पातं तडकतं म्हणतात. पण हिने कुणाला मारायचंय?" असं म्हणत त्याने तलवारीला पाणी पाजलं.

चर्र असा आवाज व्हायला हवा होता. तसा झाला नाही. कुणीतरी लांब, खोल श्वास आत घ्यावा तसा आवाज झाला आणि बादली अर्धी रिकामी झाली. भट्टीत वाफ नव्हती. ओल्या लोखंडाचा आणि समुद्री शेवाळाचा वास मात्र भरून राहिला.

कोलमनने तलवार बाकावर ठेवली. मग तो अट्रॅक्टाकडे वळला.

"काय मागितलंस?"

"काही नाही."

बाकावरची तलवार खणकन वाजली. तिला कुणी हात लावला नव्हता.

म्हाताऱ्याने छातीवर क्रूस काढला, तलवार गोणपाटात गुंडाळली आणि तिच्या हातात दिली. "उद्या जपून..." एवढंच तो म्हणाला. नेहमीसारखी निरोपाची थट्टा त्याने केली नाही.

*

रविवारी दुपारी तीनला हॉलमध्ये माणसं जमली. फेब्रुवारीतली दुपार, त्यात धुकं, म्हणून आत दिवे लावलेले. खुर्च्यांवर दहाबारा जण कोट न काढता बसले होते. अट्रॅक्टा विंगेत आपल्या स्टुलावर होती.

राजाच्या कारभाऱ्याची भूमिका मॅलकी टफीची होती. साठीचा, गुबगुबीत, गोड बोलणारा माणूस. गावातलं मोठं दुकान त्याचं, जिल्हा परिषदेत तो निवडून आलेला. लग्नात पहिला, प्रेतयात्रेत पुढे. रंगभूषा केल्यावर तो जरा जास्तच गुलाबी दिसत होता.

"अट्रॅक्टा, माझं तिसऱ्या अंकातलं वाक्य सांभाळ हं," तो विंगेत येऊन म्हणाला. "माझी स्मरणशक्ती म्हणजे फाटकं पोतं."

"एक वाक्य तर तुम्हाला चौदा वर्षं पाठ आहे, टफीसाहेब."

तो हसला. त्याचं हसू किंचित उशिरा आलं. "बोलण्यात तू थेट आईवर गेलीस बघ."

तिसरा अंक सुरू झाला. गोष्टीत राजाची मुलगी नाहीशी झालेली आहे. लू भर दरबारात कारभाऱ्याच्या गळ्याला तलवार लावतो आणि विचारतो. लूचं काम मास्तर लाव्हेल करत होते. पन्नाशीचे, चष्मा लावणारे, काडीसारखे. त्यांना बघून खुर्च्यांवरून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, तलवार तुम्हाला उचलेल की तुम्ही तलवारीला?" हशा पिकला.

मास्तरांनी तलवार उपसली.

हशा थांबला. कुणी थांबवला नाही, तो मध्येच तुटला. सगळी दारं, खिडक्या बंद होत्या, तरी अट्रॅक्टाच्या कंदिलाची ज्योत आडवी झाली आणि तलवारीच्या दिशेने झुकून तशीच राहिली. वाऱ्याने ज्योत फडफडते. ही फडफडत नव्हती. ओढल्यासारखी ताणली गेली होती. शेवाळाचा तोच वास आला.

"सांग," मास्तर म्हणाले, "कुठे आहे ती?"

वहीत होतं, 'राजाची मुलगी कुठे आहे?' मास्तरांनी राजाची मुलगी गाळली होती.

मॅलकीने तोंड उघडलं. शब्द आला नाही. अट्रॅक्टाने वहीवर बोट ठेवून हळूच पुरवला, "पश्चिमेच्या बेटावर, महाराज..."

टोक त्याच्या गळ्याच्या खळग्यात टेकलं होतं. गुलाबी रंगाखाली त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडत चालला होता. त्याचे हात हवेत जिथे होते तिथेच राहिले होते.

"पश्चिमेच्या बेटावर..." तिने पुन्हा पुरवलं.

"मी तिला बंदरावर नेलंच नाही," मॅलकी म्हणाला.

आवाज त्याचाच होता, पण त्यातला गोडवा गेला होता. हिशेबाची वही वाचावी तसा सपाट.

"गरीबखान्यातून पूर्वेकडच्या एका धुलाईघरात नेली. चर्चच्या जोगिणींच्या. उंच भिंत आहे, हिरवं दार. तिथे मेरी बर्नार्ड म्हणून नाव लावलंय तिचं. बोट मी पाहिली नाही. बोटीचं मीच रचलं. मागच्या मे महिन्यात त्यांना साबणाची खोकी पोचवली तेव्हा ती अंगणात चादरी पिळत होती. तिने मला ओळखलं. मी मान फिरवली."

हॉलमध्ये कुणी हललं नाही. कुणाला हलता येत नव्हतं की कुणी हलायला तयार नव्हतं, हे त्या दहाबारा जणांपैकी एकानेही नंतर सांगितलं नाही. किलव्हाऱ्याला माहीत नव्हतं असं आता कुणी म्हणू नये. मॅलकीच्या गाडीत कोण बसतं आणि परत येताना ती गाडी रिकामी का असते, हे प्रत्येक घराच्या खिडकीतून दिसत होतं. रविवारी रविवारी हेच लोक एका बाकावर बसून क्षमेची प्रार्थना म्हणत आणि बाहेर आल्यावर हवेबद्दल बोलत. डिम्पना चादरी पिळत होती तेव्हा ते हवेबद्दल बोलत होते.

अट्रॅक्टा उठली. वही खाली पडली. फक्त तिलाच हलता येत होतं, एवढं तिच्या लक्षात आलं. तिने मास्तरांच्या हातातून तलवार घेतली. मास्तरांची बोटं थंड आणि ओली होती, पण ती सहज सुटली, जणू वाटच बघत होती.

आता टोकाच्या एका बाजूला मॅलकीचा गळा होता आणि दुसऱ्या बाजूला तिचा हात. जखम भरत नाही, हे तिला आठवलं. चौदा वर्षांची भरपाई एवढ्याशा रेट्यात होणार होती. मनगटाने नुसतं पुढे झुकायचं. तलवारही झुकायला तयार होती. ते तिला तळव्यात कळत होतं, कुत्रा दोरीला हिसका देतो तसं.

"का?" तिने विचारलं. "का केलंत?"

"तुझ्या आईने पदर पसरला माझ्यापुढे. घराची अब्रू राहू दे म्हणाली. फादरनी मान डोलावली. मला काय... मला मोठ्या लोकांत बसायचं होतं. ज्याला सगळ्यांची गुपितं माहीत असतात त्याला लोक मत देतात." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज तसाच. "आणि तूही होतीस, अट्रॅक्टा. पेटी तूच आणून गाडीत ठेवलीस. दार तू लावलंस. ती काचेवर हात आपटत होती. तू घरात निघून गेलीस."

तलवार वाजली नाही. ते खरं होतं.

इतकी वर्षं ती स्वतःला सांगत आली होती की त्या दिवशी ती पोस्टात होती. हळूहळू तिला ते पोस्टातलं टेबलही आठवायला लागलं होतं, शाईची दौतसुद्धा. आता दौत गेली. काच राहिली, आणि काचेवरचा तळहात.

या रेट्याने सुरुवात केली तर थांबायचं कुठे? मॅलकीनंतर कोण? आई तर मातीत होती. मग कोण?

तिने तलवार खाली केली. कंदिलाची ज्योत सरळ झाली. मॅलकीचे हवेतले हात खाली आले आणि त्याच्या गळ्यावर लाल ठिपका दिसला, टाचणीच्या टोकाएवढा.

"उद्या सकाळी आठ वाजता गाडी काढा," अट्रॅक्टा म्हणाली. "जिच्यातून नेलंत तिच्यातूनच आणायचं."

"लोक काय म्हणतील..." तो पुटपुटला. आता त्याला पुन्हा स्वतःच्या मर्जीने बोलता येत होतं.

"लोक इथेच बसलेत. विचारा त्यांना."

खुर्च्यांवरची माणसं कोटाची बटणं लावायला लागली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि ते फक्त म्हणाले, "मीही येतो. मला ते दार पाहायचंय."

*

सोमवारी किलव्हाऱ्याचं पोस्ट पहिल्यांदाच बंद राहिलं. दारावर अट्रॅक्टाने चिठ्ठी लावली, 'बहिणीला आणायला गेले आहे.' चिठ्ठी वाचून माणसं निघून जात आणि थोड्या वेळाने पुन्हा येऊन वाचत, असं नंतर कळलं.

गाडीत मॅलकीने मफलर गळ्याला घट्ट गुंडाळला होता. ठिपका अजून झिरपत होता. तीन तासांत एकदाच तो बोलला. "मी खड्डे चुकवून चालवतोय... तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून."

"तिला नेलंत तेव्हा चुकवले होते का?" मास्तरांनी विचारलं.

हिरवं दार मॅलकीने सांगितलं तसंच होतं. भिंतीपलीकडून वाफ आणि कपड्यांच्या सोड्याचा उग्र वास येत होता. दार उघडणारी जोगीण ठेंगणी, नीटनेटकी, नम्र.

"डिम्पना गॉगन? या नावाचं इथे कुणी नाही, बाई."

अट्रॅक्टाने तलवार उपसली नाही. गोणपाटात गुंडाळलेली ती नुसती कुशीत होती, तान्ह्या मुलाला धरावं तशी. तिने ती थोडी वर घेतली, एवढंच.

जोगिणीचा हात दारावरच थिजला.

"इस्त्रीच्या खोलीत आहे," ती म्हणाली, आणि स्वतःचं बोलणं ऐकून तिचे डोळे विस्फारले. "मेरी बर्नार्ड म्हणतो आम्ही. ती स्वतःच्या मर्जीने राहिली असं लिहिलंय वहीत. ते खरं नाही. तीनदा भिंतीवरून पळाली. तीनदा आणली."

"आणि बाळ?"

"मुलगी. दहा महिन्यांची झाली तेव्हा अमेरिकेच्या बोटीवर चढवली. आईला सांगितलं, झोपली आहे. पुढचं... पुढचं मला माहीत नाही. खरंच माहीत नाही." ती रडायला लागली. "थँक यू," असं ती का म्हणाली ते तिलाच कळलं नसावं. पण म्हणाली. दोनदा.

डिम्पना बाहेर आली तेव्हा तेहेतीस वर्षांची बाई पन्नाशीची दिसत होती. केस कापलेले, हात लाल आणि सुजलेले. तिने मॅलकीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"हो."

"बरं... चल."

गाडीत बसताना तिने दार स्वतः लावलं. दुसऱ्या कुणाला लावू दिलं नाही.

*

परतल्यावर अट्रॅक्टा तलवार घेऊन भट्टीत गेली. कोलमनने हात मागे घेतले. "माझ्याकडे नको. जिने प्रश्न पाजला तिच्याच घरात ती राहते." तोच मग संध्याकाळी घरी आला. लोखंड भिंतीला किंवा जमिनीला लागू नये म्हणून त्याने तलवार छताच्या तुळईला दोरीने बांधली, बरोबर मध्यावर, आडवी, डोक्यांच्या खूप वर. जाताना डिम्पनाच्या हातात खायच्या सोड्याचा गरम पाव ठेवून गेला. म्हणाला, "देव तुझ्या परतण्याला यश देवो." असा आशीर्वाद आधी कुणी ऐकला नव्हता. त्याने तो त्या दारात उभा राहून तयार केला असावा.

चुलीत जळणासाठी वाळवलेली दलदलीतली माती धुमसत होती. दोघी बहिणी समोरासमोर बसल्या. वारा नव्हता. छताखाली तलवार सावकाश वळली आणि तिचं टोक अट्रॅक्टाच्या खुर्चीच्या दिशेला येऊन थांबलं.

डिम्पनाने वर पाहिलं नाही. कपाकडे बघत तिने विचारलं, "त्या दिवशी... तू घरात होतीस ना?"

"होते. पेटी मीच आणली. दार मीच लावलं. आणि तुझा हात काचेवर होता तेव्हा मी आत गेले." अट्रॅक्टाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण तिला हलकं वाटत होतं. खोटं बोलायची सोयच नव्हती, आणि या गोष्टीबद्दल ती जन्मभर त्या काळ्या लोखंडाची ऋणी राहणार होती.

डिम्पनाने खिशातून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. लोकरीचे हातमोजे. रफू करून करून मूळची लोकर उरलीच नव्हती.

"पेटीत तुझे हातमोजे होते," ती म्हणाली. "बाकी सगळं त्यांनी काढून घेतलं. हे मी उशीच्या आत शिवून ठेवले. चौदा वर्षं वाटायचं, निदान एक माणूस तिथे आहे ज्याला माझे हात गारठतील हे कळलं होतं." ती हसली. "म्हणून तुला माफ केलं असं नाही हं. ते वेगळं."

"ते वेगळं," अट्रॅक्टा म्हणाली.

वरची तलवार जरा डुलली आणि तिचं टोक खुर्चीवरून सरकलं.

सकाळी उठून पाहिलं तर टोक पश्चिमेच्या खिडकीकडे होतं. समुद्राकडे. खाली फरशीवर पाण्याचे चार थेंब. अट्रॅक्टाने बोट लावून चाखलं. खारट.

"तू काही विचारलंस का तिला?"

डिम्पना खिडकीकडेच बघत होती. "तोंडाने नाही... झोपेत मनात आलं. मुलगी कुठे असेल."

त्यानंतर रोज सकाळी टोक बोटभर सरकत गेलं. पश्चिमेकडून नैर्ऋत्येला, मग खाडीच्या मुखाकडे, मग बंदराकडून गावात येणाऱ्या रस्त्याकडे. दोरी होती तेवढीच होती, कोलमनने दोनदा मोजली, पण तलवारही रोज थोडी खाली येत होती. थेंबांचे ओघळ व्हायला लागले. मॅलकी टफीचा ठिपका भरला नाही. तो दुकानात मफलर गुंडाळून बसे आणि कुणी काही विचारलं तर खरं तेच सांगे. लोक त्याच्या दुकानात जाईनासे झाले. मास्तरांनी नाटक बसवलं नाही. त्याऐवजी ते घराघरांत जाऊन विचारायला लागले, कुठल्या घरातून कोण गेलं आणि कुठे गेलं. दारं उघडायला लागली होती, एकेक, कुरकुरत.

"भीती वाटते का?" एका सकाळी अट्रॅक्टाने विचारलं.

"वाटते," डिम्पना म्हणाली. "पण कुणीतरी येतंय, हे कळणं... चौदा वर्षं मला तेसुद्धा नव्हतं. मी रोज तिचे आभार मानते." तिने मान वर करून तलवारीकडे पाहिलं. "खरंच मानते."

मार्चच्या मध्यावर एका स्वच्छ सकाळी, साडेनऊच्या सुमारास, टोक थेट दाराकडे झालं. आता ते इतकं खाली आलं होतं की दारातून येणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरीच्या गळ्याशी आलं असतं. बाहेर ऊन होतं. अंगणातल्या खडीवर हलकी पावलं वाजली, ओल्या बुटांसारखी, आणि उंबऱ्याशी थांबली. शेवाळाचा वास आला.

डिम्पनाने टेबलावर तिसरा कप मांडला. कडी हलली नाही.

मग तलवार पुन्हा वळायला लागली. दाराकडून भिंतीकडे, भिंतीवरून चुलीकडे, अट्रॅक्टाला ओलांडून, सावकाश, पूर्ण फिरून आली आणि डिम्पनाच्या गळ्याच्या खळग्यासमोर, केसभर अंतरावर, स्थिर झाली. या वेळी प्रश्न घरातल्या कुणाचाच नव्हता. तो उंबऱ्याबाहेरून आला होता.

अट्रॅक्टा उठायला गेली. तिला उठता आलं नाही.

डिम्पनाने हातमोजे हातात चढवले, बंद दाराकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "विचार, बाळ."